लिस्बनचा तो बॉम्ब फुकट गेला नसता, तर गोवा कधी सुटला असता?

जुना_नकाशा
४ जुलै १९३७, रविवार. लिस्बनमध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान, खरं तर हुकूमशहाच, सालाझार एका मित्राच्या घरातल्या खाजगी चॅपेलात प्रार्थनेला आले. गाडीतून उतरतात न उतरतात तोच रस्त्याखालच्या गटारात पेरलेला बॉम्ब अगदी जवळ फुटला. रस्ता उखडला, यांना मात्र काही झालं नाही. कपडे झटकले आणि गेले प्रार्थनेला. बॉम्ब अराजकवाद्यांचा होता. मेहनत सगळी केली, पण स्फोटाचा जोर भलतीकडे गेला.

तो जोर नीट लागला असता तर गोव्याला १९६१पर्यंत थांबावं लागलं नसतं, असं माझं मत. फ्रेंचांनी १९५४ला पाँडिचेरी वाटाघाटी करून सोडली. सालाझारांनी १९५१ला वसाहतींचं नावच बदलून 'सागरापलीकडचे प्रांत' केलं. वसाहतच नाही म्हटल्यावर सोडायचं काय? १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. डिसेंबर १९६१ला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वांना शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम आला. त्यांनी शहाणपणाने शरणागती पत्करली, तर नंतर सैन्यातून हकालपट्टी. हा हट्ट एका माणसाचा होता.

खाष्ट_मास्तर
आत्याबाईला मिशा असत्या तर... असो, विषय झकास आहे. निष्कर्ष कच्चा.

वसाहतींचं वेड सालाझारांच्या आधीपासूनचं. १८९०ला ब्रिटिशांनी आफ्रिकेतल्या काही भागातून मागे हटा म्हणून दम भरला, तो पोर्तुगीजांना इतका झोंबला की राजेशाहीची अब्रू गेली. १९१०ला राजा गेला, प्रजासत्ताक आलं, आणि तेही वसाहती वाचवायलाच पहिल्या महायुद्धात उतरलं. १९४९ला विरोधकांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणाला उभं केलं? नॉर्टन द मातुश, अंगोला या वसाहतीवर राज्य केलेले गृहस्थ! विरोधकच असे, तर बाकीच्यांचं काय बोलायचं.

आणि तुमचा प्रयोग इतिहासाने करून पाहिलाय की. ऑगस्ट १९६८ला सालाझार खुर्चीवरून पडले, डोक्याला मार बसला, सप्टेंबरात त्यांच्या जागी कायतानो आले. वसाहती राखायला आफ्रिकेत चाललेली युद्धं थांबली का? एप्रिल १९७४ला सैन्याने उठाव करेपर्यंत चालूच. माणूस वजा केला, उत्तर तेच आलं.

जुना_नकाशा
मास्तर, चार दिवसांचं लोणचं आणि छत्तीस वर्षं मुरलेलं, फरक आहे ना? १९३७ला त्यांची राज्यघटना अवघी चार वर्षांची होती. १९६८ला अख्खी पिढी त्या राजवटीत म्हातारी झालेली. तरी गोवा मुक्तीचे लढवय्ये मोहन रानडे १९५५पासून कैदेत होते ते सुटले १९६९ला, म्हणजे सालाझार सत्तेवरून गेल्यावरच. काहीतरी सैल झालंच होतं. शेजारच्या स्पेनचा हुकूमशहा फ्रँको कुठे मवाळ होता? त्यानेही १९५६ला मोरोक्कोवरचा ताबा सोडला.

खाष्ट_मास्तर
आणि पश्चिम सहारा १९७५पर्यंत धरून ठेवलं. सोयीचं तेवढं उचलायचं, वा!

बोटीवरचा
१९३७ला शेजारी काय पेटलं होतं ते कोणीच बघत नाहीये. स्पेनमध्ये यादवी चालू. सालाझार फ्रँकोच्या बाजूचे, पण पाऊल जपून टाकणारे. स्वतःच्याच देशातल्या निळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांना त्यांनी १९३४ला बंदी घातली होती. अशा वेळी पंतप्रधान अराजकवाद्यांच्या बॉम्बने मेला असता तर उदारमतवादी वर आले असते? निळे शर्टच रस्त्यावर दिसले असते.

पुढचा नुसता अंदाज बरं का. निळ्या शर्टवाल्यांचं सरकार हिटलरच्या मागे गेलं असतं, तर ब्रिटिशांनी गोवा आठवड्यात घेतला असता. मुरगाव तटस्थ बंदर म्हणून जर्मन जहाज तिथे आसऱ्याला होतं, तर मार्च १९४३ला कलकत्त्याहून हौशी ब्रिटिश शिलेदार, त्यातले काही पोट सुटलेले, येऊन त्यावर चढलेच ना. म्हणजे १९४७ला युनियन जॅक उतरताना पणजीतूनही उतरला असता. नकाशासाहेब, तुमचं उत्तर बरोबर, रीत चुकलेली.

मांडवीपार
आम्हा गोंयकारांना विचारता का जरा? १९४७ला किंवा १९५४ला गोवा भारतात आला असता तर तो मुंबई राज्यातच ढकलला गेला असता. मग महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल नाही, १९८७चं राज्य नाही. पणजी आज जिल्ह्याचं ठाणं असती.

जुना_नकाशा
म्हणजे सालाझार वाचले ते बरंच झालं म्हणायचं?

मांडवीपार
असं माझ्या आज्यासमोर म्हणून दाखवा! लग्नाची पत्रिका छापायला सेन्सॉरची परवानगी काढावी लागलेला माणूस तो. वसाहतींना जखडणारा १९३०चा कायदा सालाझारांचाच, आणि त्याला गोव्याच्या कौन्सिलात उभं राहून विरोध केला तो आमच्या गोव्याचे पुढारी मिनेझिस ब्रागांझांनी. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापुढे 'बरं झालं' म्हणायची माझी छाती नाही. मी म्हणतो एवढंच, की सुटकेची तारीख सरकवली तर पुढच्या सगळ्या तारखा सरकतात. तुम्ही सोयीने एकच सरकवलीत.

खाष्ट_मास्तर
हा मुद्दा मात्र पटला. त्यातही खोच आहे. १९५६च्या पुनर्रचनेत कारवार मुंबई राज्यातून निघून म्हैसूरला गेलं. गोवा तेव्हा भारतात असता तर महाराष्ट्रातच आला असता, हे कशावरून? आणि १९६३ला गोव्याने निवडून दिला तो विलीनीकरणवाला मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच. कौलात फरक किती, तर ३४,०२१ मतांचा. त्याच्या जोरावर 'आम्ही मुळातच वेगळे' म्हणणं जरा...

मांडवीपार
मास्तर, फरक ३४,०२१चा असला तरी कौल कौलच. आणि मगोला मत देणाऱ्यांपैकी किती जण कुळांच्या जमिनीसाठी देत होते आणि किती महाराष्ट्रासाठी, ते आमच्या फोंड्याला येऊन विचारा. कोंकणीचं तर मी अजून काढलंच नाही.

बोटीवरचा
काढलंत! चला, मी चहा टाकतो. लिस्बनच्या गटारातून निघालेला धागा फोंड्यात पोचला, आता शंभर प्रतिसाद नक्की.

जुना_नकाशा
अहो, निळ्या शर्टवाल्यांचं उत्तर अजून द्यायचंय मला. कोणी १९३७ला परत येणार आहे का?