चिमाराचे पाच नर कोणत्याच कीमध्ये बसत नाहीत. नवी प्रजाती म्हणू का?

ओढ्याकाठची:

नमस्कार मंडळी. एकाच ओढ्यावर दोन रात्री प्रकाश-सापळा लावला, त्यात कॅडिसफ्लायचे (अळी पाण्यात वाढणाऱ्या पतंगासारख्या कीटकाचे) पाच नर मिळाले. काळपट, जेमतेम ५ मिलिमीटरचे. जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) चिमारा, याबद्दल मला शंका नाही. एकाचं पोट वेगळं करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ केलं आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून पाहिलं. जननांगाची खालची उपांगं टोकाशी आकड्यासारखी आत वळलेली आहेत आणि शिश्नाच्या आत तीन काटे दिसतात. हाताशी असलेल्या सगळ्या कीज (लक्षणं पायरीपायरीने जुळवून प्रजाती ओळखायचे तक्ते) चालवून झाल्या. दरवेळी 'काटे दोन' या पायरीवर गाडी अडते.

चार दिवस दुसरं काही सुचत नाहीये. 'नवी' हा शब्द ओठांवर येतो आणि मीच तो परत गिळते. वर्णन लिहायला घेण्याआधी काय काय पक्कं करायला हवं? नाव माझ्या पहिल्या शिक्षिकेचं द्यायचं मनात आहे. त्याचे काही नियम आहेत का?

जुना नमुनेकरी:

ताई, आधी काटे पुन्हा मोजा. चिमाराच्या शिश्नात एक मऊ पिशवी असते. ती आत ओढलेली असली की तिची घडी हुबेहूब काट्यासारखी दिसते, बाहेर आलेली असली की काट्यांची जागाच बदलते. म्हणजे एकाच प्रजातीचे दोन नर दोन वेगळ्या प्रजातींसारखे दिसू शकतात. खरा काटा गडद तपकिरी असतो, त्याची कड स्वच्छ असते आणि सुईने हलकेच ढकललं तर तो अख्खा हलतो. घडी पसरते. हे एका नरावर बघून भागणार नाही, पाचही उघडा.

आकड्याचंही तेच. नमुना दहा-पंधरा अंश कलला तरी त्या उपांगाचा आकार बदलतो. म्हणून आकृती स्वतः पेन्सिलने काढा, बाजूने, वरून आणि खालून. फोटो हवेत, पण फोटोत जे धूसर राहतं ते धूसरच राहतं. हाताने रेघ ओढताना प्रत्येक कड कुठून निघाली आणि कुठे संपली याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तिथेच आपली चूक आपल्याला सापडते. माझ्या निम्म्या 'नव्या' प्रजाती अशा पेन्सिलीखालीच जुन्या निघाल्या, आणि त्याबद्दल मी त्या पेन्सिलीचा ऋणी आहे.

साफ करण्याबद्दल एक सांगतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड गरम करून मी एकदा पाचच मिनिटं उठलो होतो. परत येऊन पाहतो तर उपांगांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झालेल्या. त्या प्रजातीचा माझ्याकडे तो एकच नर होता. तेव्हापासून ८५ टक्के लॅक्टिक आम्ल वापरतो. ते हळू चालतं, पण नमुना सांभाळून घेतं.

आणि की म्हणजे अंतिम निकाल नव्हे. चिमारा हा कॅडिसफ्लायमधला सर्वांत मोठा जीनस आहे, नऊशेहून जास्त प्रजातींचा. एवढ्या सगळ्या कुठल्याही एका कीमध्ये मावत नाहीत. जागतिक यादीतून आसपासच्या प्रदेशातली प्रत्येक चिमारा काढा आणि तिचं मूळ वर्णन वाचा. जुनी आकृती अपुरी असेल तर ज्या संग्रहात होलोटाइप, म्हणजे ज्याच्यावरून प्रजातीला नाव दिलं तो मूळ नमुना, आहे त्यांना पत्र लिहा. नवी प्रजाती सिद्ध करणं म्हणजे जुन्या प्रत्येकीला एकेक करून बाजूला सारणं. त्याला महिने लागतात, लागू द्या.

अळीवाली:

सरांशी सहमत. माझी एवढीच भर: पाचही पोटं लगेच रसायनात घालू नका. निदान दोघांचा एकेक पाय आधी काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, सीओआय बारकोड (प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) त्यावरून होईल. आणि ओढ्यावर पुन्हा जाल तेव्हा दगडांखालचे कोष शोधा. पिकलेल्या नर कोषात प्रौढाचं जननांग तयार झालेलं असतं, आणि बऱ्याच कुळांत अळीने टाकलेले कवचाचे तुकडे त्याच कोषात पडून असतात. एकाच डबीत अळी आणि नर दोन्ही! चिमाराच्या अळीचं डोकं समोरून पाहा, पुढच्या कडेला वाकडी, एका बाजूला झुकलेली खाच असते. ती पहिल्यांदा नीट दिसली तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

नावाचं: चिमारा स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषण असेल तर तेही स्त्रीलिंगी लागतं. लिनियसने १७६७ मध्ये वर्णिलेली आजची चिमारा मार्जिनाटा बघा, मार्जिनाटस नव्हे. शिक्षिकेच्या नावाला मात्र 'ए' (-ae) हा लॅटिनमधला स्त्रीवाचक षष्ठी प्रत्यय लावा. 'आय' (-i) हा पुरुषवाचक लावलात तर बाईंचे गुरुजी होतील. होलोटाइप कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला, हे लेखात स्पष्ट हवं. १९९९ नंतरच्या नावांना त्याशिवाय मान्यता नाही. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमधली (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतली) नोंदणीही लेखात दिसायला हवी. आणि तोवर ते नाव इथे किंवा कुठेच लिहू नका.

ओढ्याकाठची:

दोघांचेही मनापासून आभार. दोन पाय अल्कोहोलमध्ये ठेवले आणि उरलेले चार नर लॅक्टिक आम्लात साफ केले. दोघांमधला तिसरा 'काटा' सुईखाली पसरला, म्हणजे ती घडीच होती. पोटात धस्स झालं. पण दोन काट्यांच्या पायरीवरून पुढे गेले तरी टोकाच्या आकड्यापाशी की पुन्हा थांबते, आणि आकडा पाचही नरांत आहे, तिन्ही बाजूंनी काढून पाहिला. शेजारच्या प्रदेशातल्या एका जुन्या प्रजातीची फक्त बाजूची आकृती छापलेली आहे आणि त्या बाजूने ती माझ्या नराच्या फार जवळ जाते. तिचा होलोटाइप जिथे आहे त्या संग्रहाला आज पत्र लिहिलं, खालून घेतलेला फोटो मागितलाय. उत्तर येईपर्यंत डबीवरच्या चिठ्ठीवर 'चिमारा, प्रजाती १' एवढंच.