पहिल्यांदाच खांदा निखळला, लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन कशाला?

डिचोलीकर मामा:
भाचा १९ वर्षांचा, गोलकीपर. चिखलात उडी मारली, उजवा हात डोक्यामागे गेला आणि खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, झोळी दिली आणि एमआरआय बघून दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं. माझं मत: पहिल्याच खेपेला नको. आधी फिजिओथेरपी. भोकं लहान पडतात म्हणून हल्ली लोक ऑपरेशनच लहान समजतात.

पेडण्याची माई:
अहो, आमच्या पाडेल्यानेही, म्हणजे नारळ पाडणाऱ्यानेही, हेच म्हटलं होतं. हाडवैदाकडून बसवून घेतला, तेल चोळलं, पुन्हा माडावर. वर्षभरात चारदा निखळला, शेवटी तर सदरा घालताना! थांबून मिळवलं काय?

फोंड्याचा फिजिओ:
मामा, व्यायामाने स्नायू बळकट होतात, पण खांद्याच्या खोबणीच्या कडेची फाटलेली कूर्चा जागेवर चिकटेलच असं नाही. बँकार्ट या सर्जनने १९२३ मध्ये दाखवली ती हीच जखम. दुर्बिणीतून बारीक अँकर बसवून ती हाडाला परत टाचतात. विशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून खूप जास्त. पंचेचाळिशीतला माणूस असता तर मीही तुमच्याच बाजूने बोललो असतो. त्या वयात भीती वेगळी, स्नायूची दोरी तुटल्याची.

म्हापशाचा बॅक:
मी दुर्बिणीचंच केलं होतं. दोन वर्षांनी हेडर मारताना परत निखळला. मग सीटी काढला, तर खोबणीचं हाड पुढून झिजलेलं. शेवटी उघडं लाटार्जे, म्हणजे हाडाचा तुकडा खोबणीला जोडायचं ऑपरेशन. हे आधी बघायला नको होतं?

फोंड्याचा फिजिओ:
हवंच होतं. हाड पाव भागाच्या आसपास गेलं असेल तर नुसत्या टाक्यांवर भागत नाही. पण भाऊ, दरवेळी निखळताना ते हाड आणखी झिजतं, म्हणजे तुमचा मुद्दा मामांच्या विरोधातच जातो.

डिचोलीकर मामा:
बरं, सीटीचं विचारतो. पण 'लहान ऑपरेशन' म्हणू नका. झोळी चार ते सहा आठवडे, मैदान सहा महिने बंद, मग लहान कसलं? ताईला तर वाटतंय पोरगा चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळांची चौकट, बांधेल.

पेडण्याची माई:
हात वर करून, मागे वळवून? नेमकी तीच तर निखळायची तऱ्हा. यंदा माटोळी मामाने बांधायची!