कुस्को आणि आसपासची गावं: टूर न घेता जमेल का?

पायपीट:
ऑगस्टमध्ये एकटाच पेरूला चाललोय. पिसाकचा बाजार, चिंचेरो, ओयान्तायताम्बो हे सगळं एजंटवाले एका दिवसात बसमधून उरकतात. मला झेंड्यामागून धावायचं नाहीये. आपलं आपण जमतं का? स्पॅनिश शून्य.

आळशी_भटकी:
जमतं की! मी एकटीने केलंय, ‘कुआन्तो एस’ म्हणजे ‘केवढ्याला’, एवढ्या भांडवलावर.

फक्त पहिला मुक्काम कुस्कोत टाकू नका. शहर ३४०० मीटरवर आहे. मी उतरल्या संध्याकाळीच सान ब्लासचा चढ चढले आणि रात्रभर डोकं धरून बसले. त्यापेक्षा विमानतळावरून थेट ओयान्तायताम्बो गाठा, ते २८०० मीटरवर आहे. माचू पिचूची गाडीही तिथूनच मिळते. कुस्को शेवटी ठेवा. ओयान्तायताम्बोत इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत लोक अजून राहतात. दारापुढच्या दगडी पाटातलं पाणी रात्री खोलीत ऐकू येतं.

फिरायला कोलेक्तिवो, म्हणजे वडापच. भरली की सुटते. सुटे सोल, म्हणजे तिथले पैसे, जवळ ठेवा.

पिसाकला बाजार रोज असतो, रविवारी मोठा. पण सकाळी आधी टॅक्सीने वरच्या अवशेषांपाशी जा आणि इंकांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमधून चालत बाजारात उतरा. गुडघे बोलतात, पण टूरच्या बसेस यायच्या आत वर शांतता मिळते.

आता शाल. प्रत्येक जण ‘बेबी अल्पाका’ म्हणतो. अल्पाका म्हणजे तिथला लोकरीचा प्राणी. बेबी म्हणजे पिल्लाची लोकर नव्हे, तो धाग्याच्या बारीकपणाचा दर्जा आहे. मी घासाघीस करून अशी एक घेतली, फार खूश होते. घरी येऊन गोंड्यातला धागा जाळला. खरी लोकर असती तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि राख बोटात चुरली असती. माझ्या धाग्याचा वितळून काळा टणक मणी झाला. अ‍ॅक्रिलिक! वापरते अजून, ऊब देते बिचारी.

चिंचेरोत मात्र विणकर बाईंनी निवडुंगावरचा वाळका कोचिनिल किडा तळहातावर चुरडला, हात लालभडक. वर लिंबू पिळलं तर तोच रंग केशरी झाला. घ्यायचंच तर तिथे घ्या.

जुनी_सॅक:
तिकिटाचं बघा. पिसाक, ओयान्तायताम्बो, चिंचेरो आणि मोराय मिळून एक अर्धं ‘बोलेतो तुरिस्तिको’ मिळतं, पण ते दोनच दिवस चालतं. निवांत फिरायचं तर दहा दिवसांचं पूर्ण घ्या. मारासच्या मिठागरांचे पैसे वेगळे.

पायपीट:
कुस्को शेवटी, हे डोक्यातच आलं नव्हतं. आभार! आणि रंगीत पोशाखातल्या बायका कोकरू घेऊन फोटोला उभ्या असतात, त्या पैसे मागतात का?

आळशी_भटकी:
मागतात, त्यांचा धंदाच आहे तो. किती ते आधी ठरवा. कोकरू हातात घेतलंत की भाव वाढलाच.