मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?

हळदीचं_पोतं (विश्रामबाग, सांगली), मंगळवार रात्री ८.४०
साधा प्रश्न आहे, लवकर सांगा. आप्पांचा रिपोर्ट आलाय. टोटल १३२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १३०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ६८. एचडीएल जरा कमी, बाकी सगळं रेंजमध्ये. कोलेस्टेरॉल वाढलं की रक्त घट्ट होतं आणि गुठळ्या होतात, म्हणून पातळ करायची गोळी देतात ना? आता कोलेस्टेरॉलच उतरलंय तर गोळी बंद केली तर चालेल का? हो की नाही एवढंच सांगा. डॉक्टरांचा नंबर पुढच्या गुरुवारचा लागलाय.

नाना_तासगाव, ८.४८
चालेल की. गोळ्या एकदा मागं लागल्या की जन्मभर सुटत नाहीत. सकाळी अनशापोटी लसणाच्या आठ पाकळ्या आणि कोमट पाण्यात हळद. तुमच्या घरात तर हळदीला काय तोटा! माझं एलडीएल चार महिन्यांत १६० चं ११८ झालं, एक गोळी न खाता.

औषधवाला_मिरज, ८.५५
नाना, थांबा जरा. हळदीचं_पोतं, गोळी कुठली? वय किती? मुळात कशासाठी चालू झाली?

हळदीचं_पोतं, ९.०१
वय ६३. शुगर नाही. गोळी कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करायची, रोज रात्री जेवणानंतर एक. एवढी चौकशी कशाला? प्रश्न साधा आहे.

औषधवाला_मिरज, ९.०३
औषधं दोन सांगताय आणि गोळी एक. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचून जसंच्या तसं इथं टाका.

कृष्णाकाठची, ९.०६
मला वेगळंच विचारायचंय. बहिणीच्या पोटरीत गाठ झाली होती, पाय सुजून खांबासारखा झाला. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली, रक्ताची गुठळी निघाली. तिचं कोलेस्टेरॉल तर एकदम चांगलं होतं. मग गुठळी झाली कशी?

लॅबवाली, ९.१०
शिरेतली गुठळी आणि धमनीतली गुठळी यांचं गणित वेगळं आहे, ताई. शिरेत रक्त साचून राहिलं की गोठतं. प्लॅस्टर, ऑपरेशननंतर पडून राहणं, लांबचा बसप्रवास, बाळंतपण, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. बहिणीचं यातलं काही होतं का?

कृष्णाकाठची, ९.१२
हो, घोट्याला दीड महिना प्लॅस्टर होतं!

हळदीचं_पोतं, ९.१५
माझा धागा आहे हा. पाकिटाचा तेवढा भाग फाटलाय, टॉर्च मारून वाचलं. कॅप्सूल आहे. रोसुवास्टॅटिन २०, ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५. हे सगळं एकातच आहे का? आम्ही हिला कोलेस्टेरॉलची गोळीच म्हणतो.

लॅबवाली, ९.१६
ही तिन्ही औषधं एकत्र म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बहुधा स्टेंट, म्हणजे जाळी असणार. कधी बसवला?

हळदीचं_पोतं, ९.२१
मार्चमध्ये. सौद्याला उभे असतानाच छातीत कळ आली, घामानं सदरा भिजला, तिथूनच नेलं. त्याला आता पाच महिने झाले, अगदी ठणठणीत आहेत, रोज मार्केट यार्डात जातात. म्हणून ते लिहिलं नव्हतं.

औषधवाला_मिरज, ९.२२
हेच तर पहिल्या ओळीत यायला हवं होतं हो! कॅप्सूल अजून चालूच आहे ना?

हळदीचं_पोतं, ९.२६
खरं सांगायचं तर नाही. गेल्या गुरुवारी रिपोर्ट कळला त्या रात्रीपासून आप्पांनी घेतलेली नाही. पोतं नुसतं दंडाला घासलं तरी काळंनिळं होतं. दाढी करताना कापलं तर तुरटी फिरवून फिरवून हात दुखतो पण रक्त थांबत नाही. म्हणाले, रक्त पार पाणी झालंय. रिपोर्ट चांगला आल्यावर मला पण पटलं.

औषधवाला_मिरज, ९.४१
आता नीट वाचा, आणि वाचून झालं की इथं उत्तर लिहीत बसू नका, जिथं स्टेंट बसवला तिथं आत्ता फोन लावा. गुरुवारची वाट बघायची नाही.

कोलेस्टेरॉलनं रक्त घट्ट होतं, ही समजूत माझ्या काउंटरवर रोज दहा जण सांगतात. तसं होत नाही. एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीत, आतल्या अस्तराखाली शिरून बसतं. तुम्ही सांगलीचेच, २०१९ च्या पुरानंतर गावभागातल्या भिंती आठवा. वरून रंग धड, आत ओल, आणि एक दिवस पोपडा फुटून खाली येतो. तसा धमनीतला फुगवटा फुटला की शरीराला वाटतं जखम झाली. बोट कापल्यावर धावतात त्याच प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, तिथं धावतात, एकमेकींना चिकटतात, गुठळी होते आणि वाट बंद. हार्ट ॲटॅक म्हणजे बहुतेक वेळा हेच. म्हणजे कोलेस्टेरॉल भिंत खराब करतं, गुठळी प्लेटलेट करतात. कॅप्सूलमधलं रोसुवास्टॅटिन हे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, ते भिंतीसाठी आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटसाठी. त्यांनी रक्त पाण्यासारखं होत नाही, नुसता चिकटपणा कमी होतो.

आणि स्टेंट ही तारेची जाळी. तिच्यावर शरीराचं अस्तर चढायला महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर प्लेटलेट जमायला टपलेल्याच असतात. ॲटॅकनंतर स्टेंट बसवला की दोन्ही औषधं साधारण वर्षभर चालवतात. कमी करायची की नाही ते त्या पेशंटकडं बघून डॉक्टर ठरवतात, मी नाही आणि नाना तर नाहीच.

प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते. ॲस्पिरिननं गप्प केलेल्या मरत जातात, नव्या चिकट येत जातात. ऑपरेशनआधी क्लोपिडोग्रेल पाच दिवस थांबवतात ते उगाच नाही. तुमची आजची सहावी रात्र आहे.

नाना_तासगाव, ९.५०
लोकांना घाबरवून गोळ्या खपवायच्या. आमचे आजोबा ९१ वर्षं जगले, त्यांच्या वेळी कुठलं क्लोपिडोग्रेल? घाण्यावरचं शेंगतेल खायचे.

औषधवाला_मिरज, ९.५४
आजोबांना स्टेंट होता का? भाजीत लसूण घाला, मी पण घालतो. पण या औषधांवर असताना अनशापोटी आठ पाकळ्या घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो, कारण लसूणही प्लेटलेटला थोडाफार आवरतो.

नाना_तासगाव, ९.५५
म्हणजे लसूण काम करतो हे तुम्हीच कबूल केलंत.

वाळव्याचा_पाटील, १०.०२
लॅबवाली ताई, शिरेच्या गुठळीचा आणि कोलेस्टेरॉलचा काहीच संबंध नाही असं सरळ म्हणता येत नाही. ज्युपिटर नावाच्या चाचणीत १७,८०२ माणसं होती, एलडीएल १३० च्या आतलं. २००९ मध्ये छापून आलं, रोसुवास्टॅटिन २० घेणाऱ्या गटात ३४ जणांना शिरेत गुठळी झाली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ६० जणांना.

लॅबवाली, १०.०९
ती मी वाचलीय. त्यात फरक पडला तो एलडीएल उतरल्यामुळं, असं कुठं सिद्ध झालं? स्टॅटिन सूजही कमी करतं आणि त्या चाचणीत माणसं निवडली होती तीच सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज दाखवणारा आकडा, जास्त बघून. पोटरीच्या गाठीवर कोणी स्टॅटिनवर भागवत नाही, तिथं गोठणं थांबवणारं वेगळं औषध लागतं.
मूळ प्रश्नाकडं येते. एलडीएल ६८ आलं ते कॅप्सूल चालू होती म्हणून. मार्चमध्ये किती होतं?

वाळव्याचा_पाटील, १०.११
सूज कमी करतं हे मान्य. पण संबंध नाही म्हणू नका एवढंच.

भडंगप्रेमी, १०.१५
स्टेंटनंतर भडंग चालतं का? मला पण दोन बसवलेत.

लॅबवाली, १०.१७
मूठभर चालेल, पाकीटभर नको.

हळदीचं_पोतं, बुधवार सकाळी ७.१०
रात्री फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. आप्पा चप्पल घालेपर्यंत दोनदा म्हणाले, मला काही होत नाही, उगाच पेट्रोल जाळू नकोस. ईसीजी काढला, पूर्वीसारखाच आहे. तिथल्या ड्यूटीवरच्या पोरीनं क्लोपिडोग्रेलच्या चार गोळ्या एकदम गिळायला लावल्या आणि कॅप्सूल आजपासून परत चालू. तिनं विचारलं, शौच काळी होते का, हिरड्यांतून रक्त येतं का, उलटीत रक्त आलं का. तिन्हीला नाही म्हटल्यावर दंडावरचे डाग बघून म्हणाली, एवढं चालतं, दाढीला इलेक्ट्रिक मशीन घ्या. मार्चमधलं एलडीएल १३८ होतं, फाइलमध्ये सापडलं.
मी मात्र तुमच्यावर चिडलो होतो, त्याबद्दल सॉरी.

औषधवाला_मिरज, ७.२५
आता पाकिटावर स्केचपेननं लिहा, ‘स्टेंटची कॅप्सूल’. कोलेस्टेरॉलची म्हणायचं बंद करा घरात.

हळदीचं_पोतं, ७.३१
लिहिलं. आप्पांनी वाचून विचारलं, मग हळदीचं पाणी कधी प्यायचं? रात्री माझ्या मागं उभं राहून त्यांनी नानांचं वाचलेलं दिसतंय.

नाना_तासगाव, ७.४०
बघा!

कृष्णाकाठची, ८.०५
नाना, ते घाण्याचं शेंगतेल तासगावात कुठं मिळतं?