बांका बेटावरची पांढरी मिरी

'कथील संपलं की गाव ओस पडतं' असं म्हणतात, पण इंडोनेशियातल्या कथिलाच्या खाणींच्या बांका बेटाला ते पूर्ण लागू होत नाही. बेलिन्यूकडच्या गेडोंगसारख्या गावात खाणकामासाठी आलेल्या हक्का चिनी मजुरांचे वंशज आजही जुन्या लाकडी घरांत राहतात. आणि कथिलाच्या चर्चेत सहसा राहून जाते ती गोष्ट म्हणजे मिरी. बाजारात 'मुंतोक' नावाने विकली जाणारी पांढरी मिरी याच बेटावरची. पिकत आलेले घोस खुडून पोत्यात भरतात आणि पोती आठवडाभर, कधी जास्तच, पाण्यात बुडवून ठेवतात. साल कुजून सुटते, मग ती पायाने तुडवून, धुऊन काढतात आणि दाणे उन्हात वाळवतात. कुजत्या सालीचा वास भयंकर, पण त्यातूनच तो पांढराशुभ्र दाणा निघतो.

हे पाणी कुठलं? कधी ओढ्याचं, कधी जुन्या खाणीच्या खड्ड्याचं. अशा खड्ड्याला तिथे 'कोलोंग' म्हणतात. जुन्या कोलोंगात लोक आंघोळी करतात, मासे पाळतात. नव्या खड्ड्यातलं पाणी मात्र आम्लधर्मी, तिथे डासांशिवाय फारसं काही टिकत नाही. १९९८ नंतर खासगी पंप लावून कथिलाचा उपसा बोकाळला, तेव्हा कित्येकांनी मिरीचे वेल उपटून त्याच जमिनीत खड्डे खणले. मिरीचा वेल फळाला यायला दोन-तीन वर्षं लागतात, कथिलाचे पैसे त्याच दिवशी हातात. त्या माणसांना लोभी म्हणणं मला पटत नाही. पण वरची माती एकदा वाहून गेली की उरते ती नुसती पांढरी वाळू, आणि तिच्यात मिरी लागत नाही.