एआय पान नंबर मनाने ठोकतोय, मदत हवी आहे

साधारण ८० पानांचा रिपोर्ट आहे, त्याचा सारांश एआय चॅटबॉटकडून करून घेतेय आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पान नंबर आणि मूळ वाक्य मागितलंय. सारांश झकास येतो पण ताडून बघितलं तर काही वाक्यं रिपोर्टमध्ये नाहीतच! एकदा तर पान ९३ सांगितलं, आता ८० पानांत ९३ कुठून आणू. 'नक्की का?' विचारलं की माफी मागतो आणि तितक्याच आत्मविश्वासाने दुसरं चुकीचं पान देतो.

'माहीत नसेल तर नाही म्हण' असं सांगून झालं, टेंपरेचर (उत्तरात किती फेरफार व्हावा याचं सेटिंग) ० करून झालं (प्रत्येक वेळी उत्तर जवळपास तेच येतं, पण चुकीचंच), नवीन चॅटही उघडून बघितलं. फाईल स्कॅन केलेली नाही, टेक्स्ट नीट कॉपी होतं. मॉडेल पुढचा शब्द अंदाजाने लावतं हे कळतं, पण मजकूर समोर असताना हे का?

कोडिंग येत नाही आणि सगळं हाताने तपासायचं तर मीच वाचलेलं काय वाईट. १०-१० पानांचे तुकडे पाडून, प्रत्येक पानाच्या मजकुरातच नंबर टाईप करून दिला तर फरक पडतो का, कोणी करून बघितलंय?