लॅपटॉपचा डीव्हीडी रायटर डिस्क वाचतो पण राइट करत नाही

सातारची_ज्युनिअर
नमस्कार मंडळी, जरा घाईचं काम आहे. एका अपघाताच्या केसमधलं सीसीटीव्ही फुटेज, साधारण ३ जीबी, डीव्हीडीवर टाकून कोर्टात दाखल करायचंय, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, सर्टिफिकेट जोडायचंय आणि सरांनी सांगितलंय की डीव्हीडीच पाहिजे, पेनड्राइव्ह नको. माझा लॅपटॉप जुना आहे, विंडोज १०, आतच रायटर आहे. जुन्या डीव्हीडी मस्त वाचतो, कोरी सीडी टाकली तर तीपण राइट होते, पण कोरी डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) टाकली की थोडा वेळ घरघर करतो आणि एरर देऊन डिस्क बाहेर फेकतो. ड्राइव्हर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. एका व्हिडिओत सांगितलंय की रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) जाऊन अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या ड्राइव्हरच्या नोंदी डिलीट करा, ते करू का?

जुना_हार्डवेअरवाला
ताई, रजिस्ट्रीला अजिबात हात लावू नका. तो उपाय ड्राइव्ह दिसायचाच बंद झाला किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर पिवळं चिन्ह आलं तरचा आहे. तुमचा ड्राइव्ह दिसतोय, सीडी लिहितोय, म्हणजे फिल्टरचा काही संबंध नाही.

सीडी होते आणि डीव्हीडी होत नाही, यातच बरंचसं उत्तर आलं. सीडीची लेझर ७८० नॅनोमीटरची, डीव्हीडीची ६५० ची, लेन्सच्या मागे दोन वेगळ्या लेझर असतात, त्यामुळे एक ठणठणीत आणि दुसरी म्हातारी असं सर्रास होतं. आणि डीव्हीडी वाचतोय म्हणजे ती लेझर चांगली आहे असंही नाही, वाचायला अगदी थोडी पॉवर लागते, लिहिताना डिस्कवरचा डाय, म्हणजे रंगाचा थर, तापवायचा असतो म्हणून कितीतरी पट जास्त लागते. पण आधी एक बघा, डिव्हाइस मॅनेजरमधलं मॉडेल नाव नेटवर टाकून तो कॉम्बो ड्राइव्ह तर नाही ना ते. कॉम्बो डीव्हीडी नुसती वाचतो आणि सीडीच लिहितो, तसा असेल तर बिघाड काहीच नाही.

के३बी_प्रेमी
वरच्यांशी सहमत. त्यात अजून एक, आधी विंडोजला यादीतून बाहेर काढा. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच पण फुकट लिनक्स सिस्टिम) टाकून त्यावरून लॅपटॉप चालू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही, ट्राय वाला पर्याय घ्या, त्यात के३बी किंवा ब्राझेरो हे बर्न करायचं सॉफ्टवेअर टाकून तीच डिस्क लिहून बघा. तिथेही नाही झालं तर दोष ड्राइव्हचा नाहीतर डिस्कचा, मग ड्राइव्हर आणि रजिस्ट्रीत वेळ घालवू नका. आणि विंडोजमध्ये एक्सप्लोररने बर्न करण्यापेक्षा इमगबर्न वापरा, फुकट आहे, काय चुकलं ते नीट सांगतो, एक्सप्लोरर नुसतं गोलमाल बोलतो.

सातारची_ज्युनिअर
कॉम्बो नाहीये, डीव्हीडी-आरडब्ल्यू आहे, मॉडेल बघून खात्री केली. इमगबर्नने सांगितलं पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर. उबुंटूवरही तेच, सुरुवातीलाच थांबतं, डिस्क नंतर कोरीच दिसते. आता?

जुना_हार्डवेअरवाला
मग विंडोज सुटलं. डिस्कच्या मधल्या भोकाजवळ आतल्या बाजूला एक पट्टा राखून ठेवलेला असतो, प्रत्येक वेळी लिहायच्या आधी ड्राइव्ह तिथे लेझरची पॉवर कमीजास्त करून चाचणी घेतो, या डिस्कला किती पॉवर लागेल ते ठरवतो. तुमचा तिथेच अडकतोय, कुठलीच पॉवर पुरेना. कारणं तीनच, लेन्सवर धूळ, डिस्क हलकी, नाहीतर लेझर संपत आलीय.

लेन्स साफ करणं लॅपटॉपमध्ये सोपं असतं कारण ट्रे पूर्ण बाहेर ओढला की लेन्स समोरच दिसते, मसुराएवढं निळसर काचेचं टिपूस. लॅपटॉप बंद करून इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, ठिबकेल इतकं नको, आणि नुसता हलका हात फिरवा, दाबू नका, लेन्स बारीक तारांवर लोंबकळत असते. काचा पुसायचं लिक्विड किंवा सेंटवालं सॅनिटायझर नको, डाग राहतो. वाळल्यावर ट्रे बंद करा.

डिस्कही बदला. सुटी, बिननावाची घेऊ नका, प्रत्येक डिस्कवर बनवणाऱ्याचा कोड असतो, ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्राममध्ये) तो ओळखीचा नसेल तर तो अंदाजाने लिहितो. ब्रँडेड डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर (एकदाच लिहायच्या डिस्कचा दुसरा प्रकार) दोन्ही एकेक आणा, स्पीड ४एक्स ठेवा, ऑटोवर सोडू नका.

कोर्टाजवळचा_झेरॉक्सवाला
ताई, रोज हेच काम आहे म्हणून सांगतो. विंडोज विचारतं डिस्क कशी वापरायची, तेव्हा फ्लॅश ड्राइव्हसारखी हा पर्याय घेऊ नका, सीडी डीव्हीडी प्लेअर वाला घ्या, म्हणजे डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडते आणि लिहिलेल्या फाइल नंतर कुणी बदलू शकत नाही. फुटेज सीडीत बसवायला म्हणून कन्व्हर्ट किंवा कॉम्प्रेस तर मुळीच करू नका!! कलम ६३ च्या सर्टिफिकेटमध्ये हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-कोड, लिहावा लागतो, फाइल एका बाइटने बदलली तरी एसएचए२५६ (हॅशचा एक प्रकार) पूर्ण वेगळा येतो. डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून) निघालेली फाइल जशीच्या तशी टाका, आणि बर्न झाल्यावर डिस्कवरच्या फाइलचा हॅश परत काढून मूळ फाइलशी जुळवा, नुसतं व्हिडिओ चालतोय एवढ्यावर विसंबू नका.

सातारची_ज्युनिअर
लेन्स साफ केली, ब्रँडेड डिस्क आणल्या. डीव्हीडी-आर तशीच बाहेर आली. डीव्हीडी+आर मात्र ४एक्सला पूर्ण लिहिली गेली, आनंद झाला, पण व्हेरिफायला अर्ध्यावर एरर आणि हॅश जुळत नाही. ही दाखल करता येणार नाही.

जुना_हार्डवेअरवाला
नाहीच करता येणार, बरं झालं तपासलंत. लेझर गेली समजा, तिच्यामागे अजून डिस्क घालवू नका. आत्ताचं काम एक्सटर्नल यूएसबी रायटरवर उरका. त्याच्या वायरीला दोन यूएसबी पिना असतील तर दोन्ही थेट लॅपटॉपला लावा, हबला नको, लिहिताना करंट कमी पडला तर परत हीच एरर येईल. पुढे आतला बदलायचा झाला तर जुना काढून जाडी मोजा, १२.७ मिमी की ९.५ मिमी, दुसऱ्या जाडीचा त्या जागेत नीट बसत नाही, आणि समोरची प्लॅस्टिक पट्टी जुन्याची काढून नव्याला लावा.

कोर्टाजवळचा_झेरॉक्सवाला
एक्सटर्नल येईपर्यंत थांबायचं नसेल तर कुठल्याही डेस्कटॉप रायटरवर करून घ्या, फक्त फाइल कॉपी करायच्या आधी आणि बर्ननंतर दोन्हीचा हॅश स्वतः बघा. आणि तीन प्रती करा, कोर्टाची, समोरच्या पार्टीची, एक आपल्या फाइलला.